बाजेवर जाण्याआधी

तुला सातवा लागला म्हणून हे आता सांगते. नववा लागला की घरात दहा बाया दहा तोंडांनी सांगायला लागतात. मग पोरगी सगळ्यांना हो म्हणते आणि करत मात्र कोणाचंच नाही. चूलबंद नदीच्या काठच्या गावांत नर्स म्हणून हिंडण्यात माझा जन्म गेला. आता टोंगळे बोलतात, पण लक्षात सगळं आहे. यातलं अर्धं माझ्या सासूने कानात घातलेलं, अर्धं सरकारी प्रशिक्षणात शिकलेलं. दोघांचं जमलं तिथे सोपं होतं. जमलं नाही तिथे मी लेकराची बाजू घेतली, सासूची नाही आणि सरकारचीही नाही.

सगळ्यात आधी हे ऐक: ठरवायचं ते दुखायला लागायच्या आधी ठरव. आपल्याकडे बाई काय किंवा लेकरू काय, हातचं जातं ते जास्त करून 'सकाळपर्यंत पाहू' म्हणण्यात. आधी घरात ठरायला उशीर, मग गाडी मिळायला उशीर, मग दवाखान्यात डॉक्टरांचा हात लागायला उशीर. पुढचे दोन तुझ्या हातात नाहीत, पहिला पुरता आपल्या घरातला आहे. तुझा नवरा, माझा नातू, बुटीबोरीला कामावर असेल आणि कळा रात्री सुरू झाल्या तर 'चल' कोण म्हणणार? मी म्हणेन, तुझी सासू म्हणेल, आणि दोघी नसलो तर तू स्वतः म्हण. फोन लावायला कोणाची परवानगी लागत नाही. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने मोठे लिहून ठेव. गाडी आलीच नाही तर गावातल्या कोणाचा ऑटो, त्याला आजच सांगून ठेव. तुझा रक्तगट कार्डावर लिहिलेला आहे, त्याच गटाची दोन माणसं नात्यात शोधून ठेव. बाळंतपणानंतर रक्त जायला लागलं आणि थांबलं नाही तर दोन तासांत होत्याचं नव्हतं होतं, तेव्हा माणसं शोधत बसायला वेळ नसतो.

लेकराचे कपडे आधी शिवू नयेत म्हणतात. नको शिवू. माझी जुनी सुती लुगडी फाडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून पिशवीत घडी करून ठेव. टोपी आणि पायमोजे तेवढे आण. त्याच पिशवीत माता-बाल कार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स. पिशवी दाराजवळ टांग, लोखंडी पेटीत ठेवू नको.

आणि तुझे दिवस भरतात पोळ्याच्या सुमाराला, म्हणजे ऐन पावसात. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा खुद्द भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. आपल्या नाल्यावरचा रपटा तर साध्या झडीतही बुडतो. म्हणून नववा अर्धा सरला की साकोलीला तुझ्या मावशीकडे जाऊन राहा. लोक म्हणतील, दवाखान्याच्या भीतीने पळाली. म्हणू दे. रपट्याच्या अल्याड अडकलेल्या बाईला लोकांचं बोलणं कामाला येत नाही.

यंदा रोवणीला जाऊ नको. रोवणीच्या दिवसांतली मजुरी सोडणं जिवावर येतं, मला माहीत नाही असं नाही. मीही पऱ्हे उपटले आहेत. पण लेकराचं वजन भरतं ते शेवटच्या अडीच महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच तू दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभी राहणार. अडीच किलोच्या खाली जन्मलेलं लेकरू पहिल्या महिन्यात जास्त धोक्यात असतं. घरी बसून विड्या वळीन म्हणशील, तर तेही नको. तंबाखूची धूळ श्वासातून, बोटांतून अंगात जाते. कारखान्याचा तंबाखू आणि तेंदूपानं झोपायच्या खोलीत ठेवू नका, नंतर रांगतं लेकरू तिथेच बोटं घालतं. खर्ऱ्याचं मी मुद्दाम बोलते, कारण कोणीच बोलत नाही. पुरुषांचा खर्रा दिसतो, बायांचा पदराआड असतो. गुडाखूचंही तसंच. दातांना बरं वाटतं म्हणून चोळतात आणि दिवसातून चारदा चोळतात. तुला सवय असेल तर मला सांगू नको, पण सोड. तंबाखूने लेकराचं वजन घटतं आणि ते दिवस भरायच्या आधी येऊ शकतं.

लाल गोळी रोज घ्यायची, रात्री जेवल्यावर, निजायच्या आधी. १८० गोळ्या पोटुशी असताना आणि १८० बाळंतपणानंतर. शौचाला काळं होतं ते गोळीमुळेच, घाबरू नको. चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं वरण, आवळा, चिंच असलं काही आंबट सोबत असलं तर बरं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, मध्ये दोन तास जाऊ दे. कित्येक बाया गोळ्या घेतात आणि गव्हाच्या कोठीत टाकतात, मी कोठ्या उघडून पाहिल्या आहेत. हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. सातच्या खाली गेलं तर ते बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं. जास्त खाल्लं की लेकरू मोठं होतं आणि अडतं, हे खोटं. तू पोटभर खा. सांदवाडीतला मुनगा, पावसात उगवणारा तरोटा, अंबाडी, तलावातली बारकी मासळी, अंडं. हे सगळं दारात आहे, त्याला दुकानाची पावडर लागत नाही. तलावाचा शिंगाडा निघेल तोवर तू बाजेवर असशील, तेव्हा तोही खा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पोटुशीची डॉक्टरांकडून फुकट तपासणी होते, ती चुकवू नको. मध्येच डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड सुजलं, पाणी किंवा रक्त गेलं, लेकराचं हलणं कमी वाटलं, तर ९ तारखेची वाट पाहायची नाही.

आता सिकलसेलचं. पहिल्या तपासणीत तू एएस निघालीस, म्हणजे वाहक. तेव्हा घरात कुजबुज झाली ती मी ऐकली. म्हणून सांगते, यात तुझा दोष नाही आणि तुझ्या माहेरच्यांचाही नाही. आपल्या विदर्भात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. गोंड-हलबांत आहे, इतर जातींतही आहे. हिवतापाच्या मुलखात तो मुरला, कारण वाहक माणसाला जीवघेणा हिवताप कमी होतो. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी लुओ नावाचे लोक राहतात, त्यांच्यातही हा आजार फार आहे. आपण आणि ते एकमेकांना कधी भेटलो नाही, पण डास दोघांकडे सारखेच होते.

दोघंही एएस असले तरच लेकरू एसएस, म्हणजे आजारी निघायची भीती. तेव्हा तुझ्या नवऱ्याचं रक्त तपासायला हवं. तो म्हणतो, मी धडधाकट आहे, मला काय झालंय? एएस माणूस धडधाकटच असतो, तू नाहीस का? त्याची तपासणी साधी आली तर हा विषय इथेच बहुतेक मिटला. एएस आली तर प्रत्येक खेपेला चारात एक लेकरू आजारी निघू शकतं, दोन वाहक, एक अगदी मोकळं. पण चारात एक म्हणजे पहिलं आजारी निघालं की पुढची तीन चांगली, असा हिशेब नाही. दर खेपेला चिठ्ठी नव्याने निघते. पोटातल्या लेकराची तपासणी करायची ती सुरुवातीच्या महिन्यांत, मोठ्या रुग्णालयात होते. तुझी ती वेळ गेली. म्हणून खरं तर दोघांच्या रक्ताची तपासणी लग्नाआधी व्हायला हवी. पत्रिका जुळवायला आपण भंडाऱ्याहून पवनीपर्यंत जातो आणि दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त काढायला लाजतो. सरकारने १ जुलै २०२३ ला शहडोलहून देशभराची सिकलसेल मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा म्हणून. संपेल की नाही ते तुम्ही पाहाल. मला एवढंच कळतं की घरातला पुरुष तपासणीला बसला नाही तर कोणतीही मोहीम अर्धीच राहते.

लेकराचं रक्त जन्मल्यावर तपासता येतं, ते विचारून करून घे. आजारी लेकरूसुद्धा पहिले पाच-सहा महिने चांगलं दिसतं, कारण आईच्या पोटातलं रक्त तोवर त्याला सांभाळतं. मग अचानक हाताचे पंजे आणि पावलं सुजतात, ते किंचाळतं, डोळे पिवळे होतात, अंग पांढुरकं पडतं. अशा लेकराला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, दुसरा दिवस नाही. सहा महिन्यांनंतर पाणी भरपूर, थंडीपासून जपणं, लसी वेळेवर आणि डॉक्टर देतील त्या गोळ्या रोज. नागपूरच्या डागा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजमध्ये याचे उपचार होतात. औषधं नीट घेऊन शिकलेली, नोकरीला लागलेली एसएसची पोरं मी पाहिली आहेत.

बाळंतपण दवाखान्यातच. दाई हुशार असते, तिच्या हाताला गुण असतो, पण तिच्याकडे रक्ताची पिशवी नसते. लेकरू बाहेर आलं की त्याला पुसून कोरडं करून तुझ्या उघड्या छातीवर ठेवायला सांग आणि वरून दोघांना पांघरूण. पहिल्या तासातच पाज. पहिले दोन-तीन दिवस चीक येईल, पिवळा, घट्ट, चमचा-दोन चमचे. 'दूधच नाही हिला' असं शेजारची म्हणेल. तेवढंच त्याला लागतं, पोटच तेवढं असतं. चीक पिळून टाकणं म्हणजे लेकराची पहिली लस गटारात ओतणं. पहिली आंघोळ दवाखान्यात घालायची नाही, निदान एक दिवस थांबायचं, अशक्त असलं तर आणखी. आणि दोन दिवस दवाखान्यातून हलायचं नाही. दुसऱ्याच दिवशी घरी येतो म्हणून गाडी आणणारे पुरुष मला फार भेटले, त्यांना घरी परत पाठवण्यात माझा अर्धा जीव गेला. बाईला रक्तस्राव किंवा झटके यायची भीती या दोन दिवसांत सगळ्यात जास्त.

घरी आल्यावर खरा संग्राम सुरू होतो, कारण आता प्रत्येक म्हातारीला काहीतरी करायचं असतं. मीही म्हातारीच आहे, म्हणून त्यांची बाजूही मांडते. माझ्या सासूचे काही नियम सोन्याचे होते. बाळंतिणीने सव्वा महिना कामाला हात लावायचा नाही. बाहेरच्यांनी लेकराला शिवायचं नाही. ती हे विटाळासाठी पाळायची, मी जंतूंसाठी पाळते, पण नियम तोच. गरम ताजं खाणं, हळिवाचे लाडू, अंगाला तेल, लेकराशी बोलणं, गाणं. हे सगळं ठेव. तेल खोबऱ्याचं किंवा तिळाचं, हलक्या हाताने. कानात, नाकात थेंबही नाही.

पण बंद खोलीत शेगडी नको. दाराला गोणपाट लावून आत कोळशाची शेगडी, वरून ओवा-शेपाची धुरी. त्या धुराने लेकराची छाती भरते, आणि बंद खोलीत कोळशाचा न दिसणारा वायू आई आणि लेकरू दोघांनाही निजल्या जागी नेऊ शकतो. ऊब हवीच, ती तुझ्या अंगाची दे. लेकराला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून छातीवर, स्तनांच्या मध्ये, उभं बांध. ही रीत कोलंबिया देशातल्या बोगोटाच्या एका रुग्णालयात १९७८ च्या सुमाराला सुरू झाली, कारण तिथे कमी वजनाच्या लेकरांसाठी काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज सगळं जग करतं. बापही असं बांधून घेऊ शकतो. माझ्या नातवाला सांग, छाती तेवढ्यासाठीच रुंद केली आहे म्हणावं.

लेकराला थंडी वाजते का ते असं ओळख: हाताची मागची बाजू पोटाला लाव, मग तळपायाला. दोन्ही गरम असले तर ठीक. पोट गरम आणि पाय गार, तर त्याला थंडी वाजून राहिली आहे, छातीशी घे. दोन्ही गार असले तर छातीशी बांधूनच दवाखान्यात निघ.

नाळेला काहीही लावायचं नाही. हळद नाही, राख नाही, तेल नाही, शेंदूर नाही. कोरडी राहिली की ती आपोआप गळते. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. नजर लागते असं वाटत असेल तर तीट पायाच्या तळव्याला लाव, माझी हरकत नाही. मध चाटवायचा नाही, वर्षाचं होईपर्यंत. गुटी, साखरेचं पाणी, गाईचं-बकरीचं दूध, बाटली यांतलं काही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाया म्हणतील, घसा सुकतो त्याचा, चमचाभर पाणी पाज. आईच्या दुधात शंभरातला ८८ भाग पाणीच असतं. दिवसातून सहा-सात वेळा लघवी होते आहे आणि वजन वाढतं आहे, म्हणजे दूध पुरतं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत परत येतं, त्यावरून दूध तोडू नको.

जन्मलेल्या लेकराची, पोराची असो की पोरीची, छाती कधी कधी सुजते आणि दूधही येतं. ते आईच्या रक्तातून आलेलं असतं, आपोआप जातं. म्हाताऱ्या ते पिळतात, मग तिथे पू होतो. कोणालाही पिळू देऊ नको, मलाही नाही. पोरीला चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताचा एखादा डाग पडतो, तोही तसाच. बेंबी किंवा पोट फुगलं म्हणून बिब्ब्याने, तापल्या विळ्याने डागणं मेळघाटात चालतं, त्याला तिकडे डंबा म्हणतात. आपल्याकडेही डागून आणलेली लेकरं मी पाहिली. पोट फुगणं हे आजाराचं लक्षण, त्यावर भाजल्याची जखम कशाला?

आशाताई घरी येईल तिला दारातून वाटेला लावू नको. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते. हे येणं दिल्लीत बसून सुचलेलं नाही. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशा तेच काम करून राहिल्या. चार बुकं शिकलेल्या झाडीपट्टीतल्या बायांनी मोठ्या डॉक्टरांना शिकवलं, हे मला अजून गोड वाटतं.

ही लक्षणं पाठ कर, गाण्यासारखी नाही, नंबरासारखी. लेकरू दूध ओढत नाही किंवा ओढणं मंदावलं. रडणं बारीक झालं. अंग लुळं. अंग गार किंवा तापलेलं. छातीखाली खड्डा पडतो, कण्हतं. मिनिटाला श्वास ६० किंवा जास्त. पोट फुगलं, सारखं ओकतं. नाळेतून पू. पहिल्याच दिवशी पिवळं झालं, किंवा नंतर पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत आला. उन्हात धरून ही कावीळ जात नाही. यांतलं एकही दिसलं तर रात्र काढायची नाही. आणि तुला ताप, घाण वासाचा स्राव, तासाच्या आत घडी भिजेल इतकं रक्त, फार डोकं दुखणं, यांतलं काही झालं तरी तेच.

दवाखान्यातले डॉक्टर लेकराला नवजात अतिदक्षता कक्षात ठेवा म्हणाले तर आपल्या भंडाऱ्यात बाया अजून दचकतात. दचकणारच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या त्या कक्षाला आग लागली आणि दहा लेकरं गेली. कोणत्याही आईला ते विसर म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्या भीतीने आजारी लेकरू घरी परत नेणं हा त्यावर उपाय नाही, कारण घरी त्याला प्राणवायू मिळत नाही. तू तिथे राहा, जवळ बस, दर दोन-तीन तासांनी दूध द्यायला आत जा, छातीवर घेता येईल का विचार. रात्री ड्यूटीवर कोण आहे ते विचार, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे ते विचार. विचारणाऱ्या आईचा राग येतो काही जणांना. येऊ दे. वर्षापर्यंतच्या आजारी लेकराचे उपचार, औषध आणि नेणं-आणणं सरकारी दवाखान्यात फुकट आहे, तो तुझा हक्क आहे.

पावसाळ्यात जमिनीवर निजत असाल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. डास तर अडतातच, मण्यारही अडते. तिचा दंश झोपेत कळत नाही आणि लेकराला सांगताही येत नाही.

लसी जन्मल्या दिवशी, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी, मग नवव्या महिन्यात. टोचल्यावर ताप येतो, दोन दिवसांत उतरतो. दंडावर बीसीजीची गाठ येते, पिकते, व्रण राहतो. त्यावर काही लावायचं नाही.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या लेकरासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. खातं तुझ्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. आले की तुझ्या खाण्यावर खर्च कर, बांधीच्या खतावर नाही.

फाल्गुनाच्या सुमाराला लेकरू सहा महिन्यांचं होईल, तेव्हा उष्टवण. दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही. पहिला घास पातळ पेज नको. चमचा वाकडा केला तर घसरून पडणार नाही इतकं घट्ट हवं. मऊ भात आणि मुगाचं वरण कालवून वरून चमचाभर तूप किंवा तेल. मग कुस्करलेलं केळं, अंडं, काटे काढलेली मासळी. सुरुवातीला दोन-तीन चमचे, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. लाखोळीची डाळ घरची असली तरी त्याच्या वाटीत नको. नुसत्या लाखोळीवर दिवस काढणाऱ्यांचे पाय लुळे पडलेले जुन्या माणसांनी पाहिले आहेत. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पाच रुपयांचं पुडकं हे खाणं नव्हे. आजोबा आणतील, त्यांना मी पाहून घेते.

हगवण लागली की दूध आणि जेवण बंद करायची चाल आहे, ती मोड. मीठ-साखरेच्या पाण्याने, म्हणजे ओआरएसने, १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकी झालेले हजारो जीव राखले. दवाखान्यातलं पाकीट लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात पुरतं घोळायचं, अर्धं नाही, आणि चमच्याने पाजत राहायचं. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, हगवण थांबली तरी. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मलूल पडलं किंवा शौचात रक्त दिसलं तर दवाखाना. थंडीत खोकला झाला तर श्वास मोज: दोन महिने ते वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया समजायचा. मोजायचं तर निजलेल्या लेकराचं, पूर्ण एक मिनिट, घड्याळ पाहून. हाताने चोळून आणि वाफ देऊन तो जात नाही.

एक गोष्ट बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. बाळंतपणानंतर काहींना रडूच येत राहतं, लेकराकडे पाहवत नाही, झोप उडते, नाही नाही ते मनात येतं. चार-आठ दिवसांत गेलं तर गेलं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो आजार आहे, भूतबाधा नाही, आणि त्याला औषध आहे. मला सांग, आशाताईला सांग, पण मनात ठेवू नको. पोरगी झाली म्हणून या घरात कोणी तोंड पाडलं तर तेही मला सांग.

इतका वेळ मी तुला उशीर करू नको म्हणते आहे. एकाच बाबतीत कर: दुसऱ्या लेकरात. अंगातलं रक्त भरून यायला निदान तीन वर्षांचं अंतर हवं. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवता येते, 'अंतरा' नावाचं तीन महिन्यांचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तुला कोणतं चालेल ते डॉक्टरांना विचार. अंगावर पाजते म्हणून दिवस राहणार नाहीत, यावर सहा महिन्यांनंतर भरवसा ठेवू नको. आणि दोन झाल्यावर थांबायचं ठरलं तर ऑपरेशन बाईचंच व्हावं असा कुठेही कायदा नाही. पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची असते, काही मिनिटांत होते, बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे. त्यानंतर तीन महिने दुसरा उपाय करायचा आणि मग तपासणी. ताकद कमी होत नाही, धानाचं पोतं तसंच उचलतो. नोकरीभर मी हे गावोगाव पुरुषांना सांगितलं, ऐकणारे बोटावर मोजण्याइतके निघाले. तू माझ्या नातवाला आतापासून सांगायला लाग.